फ्रेंच हॉटेलातले धोंडे

नगरमध्ये फ्रेंच हॉटेल आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. सरकारदरबारी शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण हसणारा ‘नगरात?’ असंच विचारतो. मी वाद घालत नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि आत मी काळा कोट घालून गिऱ्हाइकाला कांद्याच्या सूपचं फ्रेंच नाव सांगतोय, याचं सुरुवातीला मलाही हसू यायचं.

मी तिथं कॅप्टन होतो. आमचं गाव छावणीचं, त्यामुळे कॅप्टन म्हटल्यावर एकदोघांनी मला खरोखर सलाम ठोकलाय. हॉटेलातला कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा मुकादम. गिऱ्हाइकाला कुठं बसवायचं ते ठरवायचं, ऑर्डर घ्यायची, कुठल्या टेबलावर चिडचिड चाललीय तिकडे लक्ष ठेवायचं. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं मी लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये काढली. डाव्या बाजूनं वाढायचं, उजव्या बाजूनं उचलायचं, बूट वाजता कामा नये, हे सगळं तिथलं शिक्षण. यंदा उन्हाळा सरल्यावर माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागून मी दिला. घरी बसल्यावर या अंकाच्या संपादकांनी विचारलं, तुमच्या हॉटेलबद्दल लिहाल का? लिहीन म्हटलं, पण आयुष्यात कधी कुठं काय केलं त्याची जंत्री देणार नाही. त्यात वाचण्यासारखं काही नाही.

हॉटेल कसलं, छावणीच्या बाजूचा एक जुना बंगला. मालक आणि मुख्य आचारी एकच, मिलिंद नावाचा आमचाच नगरचा पोरगा. पोरगा म्हणतोय, पण चाळिशी उलटलेला. पाँडिचेरीत शिकला, नंतर फ्रान्समध्ये काही वर्षं राबला आणि आई एकटी पडली म्हणून परत आला. आम्ही सगळे त्याला शेफच म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, पण स्वयंपाकघरात शिरला की जमदग्नी. त्याच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही, त्याच्या सुरीनं कुणी लिंबू कापायचं नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या आत परक्या माणसानं पाऊल टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हॉटेलच्या दारावर पाटीही होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.

टेबलावर मेणबत्ती लावायची पद्धत. नवीन माणूस आत आला की हमखास विचारायचा, ‘लाईट गेली काय?’ उन्हाळ्यात खरंच जायचीही. जनरेटर सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक निवांत, त्यांना काही फरकच कळायचा नाही, आणि आत शेफ लोण्याच्या नावानं रडायचा. फ्रेंच स्वयंपाकात आपल्याकडच्या तेलाच्या जागी लोणी असतं. सगळ्यात लोणी. आणि नगरच्या मे महिन्यात लोणी सांभाळणं म्हणजे तान्ह्या पोराला सांभाळणं. जरा दुर्लक्ष झालं की अंग टाकलंच.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. मार्केट यार्डातले एक व्यापारी सहकुटुंब यायचे. प्रत्येक जण वेगळा पदार्थ मागवायचा आणि ताटल्या आल्या की सगळ्या टेबलभर गोल फिरायच्या. शेवटी ज्याच्यासमोर जे उरेल ते त्यानं संपवायचं. दुसरे एक निवृत्त सुभेदार. ते काहीही मागवोत, सोबत कांदा-लिंबू पाहिजेच. शेफला कांदा-लिंबू म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बरेच दिवस त्यानं दाद दिली नाही. मग एक दिवस त्यानं कांद्याच्या कागदासारख्या चकत्या लिंबाच्या रसात घालून, वर मिरपूड टाकून, एका लांबलचक फ्रेंच नावानं पाठवल्या. सुभेदारांनी चाखून मला सांगितलं, ‘हेच मागत होतो की मी.’ पुढे तो पदार्थ सगळ्या टेबलांवर जायला लागला.

आता जे सांगायचंय त्यासाठी या धंद्याच्या दोन रिती आधी सांगतो. आपल्याकडे ताट मांडलं की मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदम समोर येतं, आणि मग वाढणारा आग्रह करत फिरतो. तिथं तसं नाही. एक पदार्थ येतो, तो संपला की ताटली जाते, मग दुसरा. मोठ्या ताटलीत मधोमध छोटासा पदार्थ, तो आतूनच मांडून आलेला. त्यामुळे आग्रहाला जागाच नाही. दुसरी रीत म्हणजे ताटली ठेवताना कॅप्टननं सांगायचं. हे काय आहे, कशाचं आहे, कसं केलंय. आणि गिऱ्हाइकानं काही विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. शेफ याबाबतीत कडक होता. तो म्हणायचा, माणूस आपल्या भरवशावर तोंडात घालतो.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे आपला धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून तुपाबरोबर वाढायचे, अनारशासारखं जाळी पडलेलं काहीतरी तेहेतीसच्या मोजणीनं वाणात द्यायचं. आमच्या गल्लीत दर खेपेला शेजारपाजारून आमच्या घरीही धोंड्यांची वाटी यायची, त्यामुळे मला ते नवीन नाही. त्या महिन्यात आमचा धंदा मात्र थंड. जावई सासुरवाडीला जेवतात, मेणबत्तीखाली कशाला येतील?

एका दुपारी, जेवणाची वेळ संपून आम्ही टेबलं पुसत होतो, तेव्हा एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, काठपदराची साडी, डोक्यावर पदर, उन्हानं तोंड लालबुंद. दारातच थांबून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

‘हितं आपल्याकडचं कुनी येत न्हाई ना?’

‘आपल्याकडचं म्हणजे?’

‘नेवाशाकडचं. घोडेगावच्या बाजूचं.’

मी म्हटलं, घोडेगावच्या बाजारात ज्याचा बैल विकला गेलाय असा माणूस इथं कधी आलेला मी पाहिला नाही. त्यांना हायसं वाटलं. त्यांचं नाव कौसल्याबाई. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि त्या माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचून मला रशीदभाऊ.

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवरा वारलेला, दोनचार गाई, घरात कारभार थोरल्या दिराचा. एकुलती लेक मनीषा नगरलाच केडगावात दिलेली. जावई संतोष सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. मुलगा चांगला, निर्व्यसनी, लेकीला जीव लावणारा. पण आदल्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेला दोघं आले. जावई उन्हातून गाडी चालवत आलेला, ओट्यावर टेकला आणि पाणी मागितलं. गावात टँकर उशिरा आलेला. थोरले दीर चार माणसांत बसले होते. ते हसत म्हणाले, ‘जावयाला पानी टँकर आल्यावर. तवर आपल्या कंपनीचं प्या म्हनावं.’ चार माणसं हसली. जावई उठला. ‘या घरचं पाणी परत पिणार नाही,’ एवढं बोलून बायकोला घेऊन निघून गेला.

‘घरात घागर भरल्याली हुती वो,’ मावशी म्हणाल्या. ‘मी दाराआड हुबी हुते. थोरल्या दिरापुढं माजं पाऊल न्हाई निघालं.’

त्यानंतर जावयानं उंबरा शिवला नव्हता. आणि आता लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हातानं, ही आपली रीत. पण जावई म्हणत होता, ज्या घरचं पाणी मला वर्ज्य, तिथं माझी बायको महिनोन् महिने कशी ठेवू? बाळंतपण केडगावातच करू. लेकीची सासू हयात नव्हती. म्हणजे तिच्या उशाशी बसायला कुणीच नाही. ‘रात्री कंबर धरती तिची. कोन चोळंल?’ मावशी म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं टेबलाची कड पुसत राहिल्या.

लेकीनंच तोडगा काढला होता. जावई घरी येणार नाही ना, मग हॉटेलात यावं. हॉटेल म्हणजे काही ते घर नव्हे. जावई तेवढ्याला तयार झाला होता. साध्या हॉटेलात भावकीतलं कुणी ना कुणी भेटणार आणि जावयाला बाहेर जेवू घातलं म्हणून गावात दिराचं नाक कापलं जाणार. म्हणून लेकीनं जिथं कुणीच ओळखीचं येत नाही असं हॉटेल शोधून ठेवलं होतं.

‘गुरुवारी यतो,’ मावशी म्हणाल्या. ‘पन धोंड्याचा महिना हाय. धोंडा वाढल्याबिगर जावयाला कसं उठवू? घरनं डबा आनला तर ते घरचं झालं. त्याला हात लावायचे न्हाईत ते. म्हून म्हनते, मी हितं येऊन केले तर? पीठ तुमचं, पानी तुमचं. माजा फकस्त हात.’

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. शेफच्या स्वयंपाकघरात शेफची बायकोसुद्धा जात नसे. मी मावशींना समजावून परत पाठवण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात मागून शेफचा आवाज आला. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

‘पाणी आमचं म्हणजे त्यांची शपथ मोडत नाही,’ तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. ‘आणि हात तुमचा म्हणजे तुमचा धोंडा होतो. बरोबर आहे की.’ मग माझ्याकडे बघून, ‘रशीदभाई, हरभऱ्याची डाळ आहे का आपल्याकडे?’

आम्हा नोकरमाणसांच्या जेवणाची होती. गूळ आणावा लागणार होता. शेफ म्हणाला, गुरुवारी दुपारी या.

त्या दुपारचं काय सांगू. बाहेर लू वाहत होती, आत भट्टी पेटलेली. मावशींनी चपला बाहेर काढल्या, पदर कमरेला खोचला, कोपरापर्यंत हात धुतले आणि डाळ शिजायला टाकली. पुरण वाटायला यंत्र कुठं मिळणार? शेफनं आपली सॉस गाळायची बारीक चाळणी पुढे केली. ती चाळणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मावशींनी वाटीच्या बुडानं त्यातून पुरण असं काही दाबून काढलं की शेफनं मान दुसरीकडे वळवली. तूप नव्हतंच. तेव्हा त्यांनी लोण्याचा गोळा मागून घेतला आणि कढवायला ठेवला. ज्या लोण्यासाठी आम्ही अख्खा उन्हाळा जिवाचं रान केलं ते लोणी कढईत तडतडायला लागलं. वास यायला लागला तसा शेफ हळूहळू जवळ सरकत गेला.

कणकेत पुरण भरून गोल गोळे वळले, चाळणीत मांडले, वाफेवर चढवले. मग मावशींची नजर पावांवर गेली. संध्याकाळसाठी भाजलेला पाव शेफनं कापून ठेवला होता.

‘ह्याला काय सुरेख जाळी पडलीया,’ त्या वाकून बघत म्हणाल्या. ‘अनारशाला पडती तशी. मला अनारसं करायला झालं न्हाई. तांदूळ भिजवलं असतं तर घरात कळलं असतं. हे वानात चाललं का?’

शेफच्या पावाचं पुण्या-मुंबईच्या लोकांनी कौतुक केलं होतं, पण त्याच्या पावाला अधिक महिन्याच्या वाणात बसवणारं पहिलंच माणूस भेटलेलं. ‘चालेल की,’ तो म्हणाला. ‘किती लागतील?’

‘तेहेतीस.’

शेफनं एकवार भट्टीकडे बघितलं, घाम पुसला आणि छोटे छोटे पाव वळायला बसला.

लेक-जावयाला एसटी स्टँडवर गाठायला निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं. ‘रशीदभाऊ, एक हाय. त्यास्नी फसवून खायाला घालायचं न्हाई. धोंडे मी केल्यात हे कळलं पायजे. आनि कळून उठून गेले तर जाऊ द्या. पन माज्या तोंडनं निघायचं न्हाई ते. तुमी सांगा.’

मी हो म्हटलं. पदार्थ सांगणं हे माझं रोजचंच काम, त्यात काय एवढं, असं वाटलं. पण कोट चढवताना बटणं चुकीच्या काजांत गेली. मेसमध्ये मोठमोठ्या अधिकाऱ्यांना मी वाढलंय. तिथं फार तर बोलणी बसायची. इथं माझ्या एका वाक्यावर एका पोरीचं माहेर टांगलेलं होतं. मी आरशासमोर वाक्य जुळवून बघितलं. पाणी आमचं आधी सांगू की हात मावशींचा आधी सांगू, हेच ठरेना.

संध्याकाळी ते तिघं आले. मनीषा सावकाश पावलं टाकत, पोटावर हात. संतोष इस्त्रीच्या शर्टात, ताठ. त्यानं वाकून सासूला नमस्कार केला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मी त्यांना खिडकीकडच्या कोपऱ्यात बसवलं. बसल्यावर लगेच त्यानं बायकोला विचारलं, ‘आईला विचार, एसटीला गर्दी होती का?’ सासू समोरच बसलेली.

मावशीही लेकीकडे बघून म्हणाल्या, ‘न्हाई म्हनावं. बसायला जागा मिळाली.’

असंच चाललं. मनीषा बिचारी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं, पोस्टमनसारखी.

उन्हाळा म्हणून पहिलं गार सूप होतं, काकडीचं. मी ठेवलं, काय आहे ते सांगितलं. मावशींनी वाटीला बोट लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. जावयाला गारढोण कालवण वाढलं, तेही पळीभर, असं त्यांना वाटलं असणार. त्या अर्ध्या उठल्या. हाताला काही सापडेना. वाढायला भांडं नाही, पळी नाही, पुढे सरकवायला काही नाही. परत बसल्या. संतोषनं दोन चमचे घेतले आणि ठेवून दिलं. मावशींनी स्वतःचं सूप शिवलंही नाही.

ते बघून मी आत गेलो आणि शेफला म्हटलं, या टेबलाचं पुढचं मांडून पाठवू नका. मोठ्या थाळ्यात काढून द्या. मेसमध्ये आम्ही तसंच वाढायचो. थाळा हातावर घेऊन पाहुण्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. शेफनं हुज्जत घातली नाही. भाजलेल्या भाज्यांचा तो थाळा मी बाहेर नेला आणि मावशींच्या हातात वाढायचा चमचा दिला. ‘मावशी, तुम्ही वाढा, मी थाळा धरतो.’

त्यांचा चेहरा पालटला. त्या उठल्या आणि वाढायला लागल्या. वांगं, भोपळी मिरची, टोमॅटो. संतोषनं ताटलीवर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून आणखी एक फोड आत गेली. ‘त्यास्नी म्हनावं वांगं चांगलं हाय,’ लेकीला सांगत त्या वाढत राहिल्या. संतोष मुकाट्यानं खात होता. कपाळावरची आठी थोडी सैल झाल्यासारखी मला वाटली, पण खात्री नव्हती.

मग धोंडे. शेफनं ते मोठ्या पांढऱ्या ताटलीत मांडले होते आणि तुपाची वाटी शेजारी. नेहमी तो वर काहीतरी पान-फूल ठेवतो. आज काही ठेवलं नव्हतं. मी ताटली घेऊन निघालो तसा तो दारापर्यंत माझ्यामागे आला आणि तिथंच थांबला.

मी ताटली संतोषसमोर ठेवली. त्यानं बघितलं आणि ओळखलं. न ओळखायला काय झालं? नगर जिल्ह्यातला माणूस धोंडा ओळखणार नाही होय? त्यानं सासूकडे बघितलं नाही. माझ्याकडे मान वर केली.

‘हे इथं मिळतं?’

‘आज मिळतंय,’ मी म्हणालो. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं पळालं. ‘धोंडे आहेत. गव्हाची कणीक, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण. डाळ आमची, पाणी आमचं, तूप आमच्या लोण्याचं. आमच्याच चुलीवर झालेत.’

‘केले कुणी?’

मेणबत्तीच्या पलीकडे मनीषानं डोळे मिटून घेतले होते. मावशी ताटलीकडे बघत होत्या.

‘मावशींनी,’ मी म्हणालो. ‘भर दुपारी येऊन, इथं उभं राहून केलेत. घरून चिमूटभर मीठसुद्धा आणलं नाही त्यांनी. आणि तुम्हाला न सांगता वाढायचं नाही, असं मला बजावलंय.’

झालं. आता माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. संतोष ताटलीकडे बघत बसला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं आणि त्या हसण्याचा मला राग आला. शेवटी त्यानं चमचा बाजूला सरकवला, हातानं एक धोंडा फोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला. दुसरा फोडला. मावशींचा हात नकळत तुपाच्या वाटीकडे गेला आणि मध्येच थांबला. संतोषनं ताटली त्यांच्याकडे जराशी सरकवली. त्यांनी तूप वाढलं. वाटी कलती झाली ती रिकामी होईपर्यंत तशीच राहिली.

तिसऱ्या धोंड्याच्या मध्यात त्याला जरा ठसका लागला. मी काचेचा जग उचलून ग्लास भरायला पुढे झालो. त्यानं हातानंच मला थांबवलं. तो सासूकडे वळला. मावशींच्या पायाशी त्यांची पिशवी होती आणि तिच्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली डोकावत होती, एसटीच्या प्रवासाला घरून भरून घेतलेली.

‘मामी,’ तो म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा. ‘पाणी द्या.’

मावशी माझ्या हातातल्या जगाकडे बघायला लागल्या.

‘ते नको. तुमच्या पिशवीतलं द्या.’

त्यांना बाटली लवकर निघेना. फडकं पिशवीच्या बंदात अडकलं होतं. मनीषा वाकायला लागली तर संतोषनं तिला खांद्याला धरून बसवलं. बाटली निघाली. त्यानं ती वरून तोंडात धरली आणि पाणी गटागटा प्यायला. थोडं शर्टावर सांडलं. मग मनगटानं तोंड पुसून तो म्हणाला, ‘पुढच्या रविवारी हिला घेऊन येतो.’

‘आमच्याकडं?’ मावशींनी विचारलं.

‘मग काय हॉटेलात करता का बाळंतपण?’

मनीषा हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मावशींनी तोंडाला पदर लावला. ‘त्या दिशी घागर भरल्याली हुती, बापू,’ त्या पदराआडून म्हणाल्या. ‘मी द्यायला पायजे हुतं.’

‘जाऊ द्या, मामी. आता दिलं ना?’

मी जग घेऊन आत आलो. छातीवरचं ओझं उतरणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शेफ दारातच होता. ‘खाल्ले?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, खाल्ले, पाणीपण प्याले, घरचं. तो स्टुलावर बसला आणि टोपी काढून वारा घ्यायला लागला. मग उठून त्यानं छोट्या पावांचं भरलेलं ताट माझ्या हातात दिलं.

मी ते वाणाचं ताट मावशींपुढे ठेवलं. त्यांनी लेक-जावयाला जोडीनं बसवलं, कुंकू लावलं आणि ताट दोघांच्या हातात दिलं. संतोषनं एक पाव उचलून उलटापालटा करून बघितला. मनीषा म्हणाली, ‘जाळी बघा की.’ त्यानं बघितली आणि मान डोलवली.

मग मावशी पहिल्यांदा खुर्चीला पाठ लावून बसल्या. पदर सारखा केला, मांडीवर रुमाल पसरला आणि माझ्याकडे बघितलं.

‘रशीदभाऊ, आता मला वाढा,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळपास्नं पोटात काय न्हाई.’